करपलेली काहील

हिंदुरावांनी स्वतःच्या आयुष्यावरचा माहितीपट शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, "माणूस चांगला आहे हो. पण ही त्याची बायको कोण?"

"मीच की! दुसरी कोण असणार?" यमुनाक्का कडाडल्या.

गेल्या दिवाळीत मेंदूच्या तापानं हिंदुरावांची सगळी आठवण पुसून गेली होती. उद्या हा पट त्यांच्या मेंदूत उतरवायचा होता. मग त्यातलं सगळं त्यांना आपलंच म्हणून आठवणार होतं, आणि पटात नसलेलं कधी घडलंच नव्हतं असं होणार होतं. शेवटचा होकार यमुनाक्कांचा होता. त्यांनी सगळं चांगलं तेवढंच निवडून दिलं होतं. एकदा हिंदुराव कुस्ती बघायला पळाले आणि गुऱ्हाळावरची गुळाची काहील करपली. त्या दिवशी यमुनाक्कांनी नवऱ्याला चारचौघांत झाडलं होतं. ते त्यांनी गाळलं होतं.

"तुम्ही नसणार," हिंदुराव विचार करत म्हणाले. "तुम्ही सकाळपासून मला चहावरून बोललात, धोतरावरून बोललात. ही बाई नुसतीच हसते. हिच्याजवळ तो एवढी वर्षं राहिला तरी कसा? मी नसतो राहिलो."

पट बनवणारी प्राजक्ता हसू दाबत यमुनाक्कांकडे बघू लागली.

यमुनाक्कांनी पदर खोचला. "उद्याचं राहू दे गं. आधी ती करपलेली काहील घाल. आणि मी काय काय बोलले, ते एकूणएक घाल."

"काय करपलं होतं?" हिंदुराव खुर्ची ओढून पुढे सरकले.

"तुमचं कपाळ! बसा, सांगते."