थव्यामागून पायी

"उद्या ती खरखर वर्गात नको," मोठे सर म्हणाले आणि त्यांनी खडूचा हात विजारीला पुसला. "तुम्हाला जड जाईल, बाई, कळतं मला. पण तपासनीस मॅडमनी नेमकं तिलाच उभं केलं, तर तासाचा बोऱ्या वाजेल. तुमच्या कायम होण्याचाही."

"मी सांगते तिला," बाई म्हणाल्या.

खरखर म्हणजे शेवटच्या बाकावरची नऊ वर्षांची मुलगी. बोलायला लागली की अडखळायची, स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखी. म्हणून वर्गाने तिचं हे बारसं केलं होतं. बाईंनी ते नाव कधी उच्चारलं नाही. उच्चारणाऱ्यांना कधी थांबवलंही नाही.

बाई चार वर्षं हंगामी होत्या. दर वर्षाअखेर हातात नारळ, आणि नव्या वर्षी पुन्हा हातापाया पडून तीच मोडकी खुर्ची. उद्याचा तास मॅडमना पसंत पडला, तर हे नष्टचर्य संपणार होतं.

तास होता 'गोष्टीचे घटक'. पुस्तक जुनं, तीन पिढ्यांच्या मुलांनी वाचलेलं. पंख मोडलेली एक हंसी उडून गेलेल्या थव्यामागून पायी निघते, त्याची कादंबरी. पानं दोनशे. वाचायला सवड कुणाला? बाईंनी पाच रांगांना पाच घटक वाटून दिले. पहिलीला पात्रं, दुसरीला स्थळ, तिसरीला समस्या, चौथीला घटना, पाचवीला शेवट. ज्या त्या रांगेने आपली दोन वाक्यं घोकायची. अख्खी गोष्ट कुणालाच येत नव्हती. आणि अख्खी गोष्ट हवी होती कुणाला? तपासणीला वर झालेले हात लागतात. हातांखाली डोकी आहेत का, ते कुणी मोजत नाही.

अख्खं पुस्तक वाचलं होतं एकट्या खरखरीने. दोनदा. बाईंना ते ठाऊक होतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला जिन्याखाली गाठलं.

"उद्या तासाला बसू नकोस. मागच्या पायऱ्यांवर थांब."

"म-मी काय केलं, बाई?"

"काही नाही. मोठ्या मॅडम येणार आहेत."

"मी ह-हात वर नाही करणार."

"आणि त्यांनीच विचारलं तर?"

मुलगी म्हणाली, "घ-घरीच राहू?"

"एकटी? नको. पायऱ्यांवर बस. कुणी विचारलं तर सांगायचं, मी या वर्गातली नाही. कळलं?"

मुलीने मान हलवली. तिची एक वेणी सुटली होती. बाईंचा हात पुढे झाला. तेवढ्यात घंटा झाली, तसा मागे आला.

दुसऱ्या दिवशी तास किल्ली दिल्यासारखा चालला. "समस्या?" बाईंनी विचारलं. "हंसीचा पंख मोडला!" तिसरी रांग इतक्या आनंदाने ओरडली, की जणू पंख त्यांनीच मोडला होता.

मॅडम उठल्या. त्याच रांगेतल्या एका मुलाला म्हणाल्या, "बरं. मग शेवटी काय झालं तिचं?"

"ते आमच्याकडे नाही," मुलगा म्हणाला. "पाचव्या रांगेला विचारा."

मोठे सर खोकले. बाईंचे कान तापले. मॅडमना मात्र हसू आलं. "वाटणी चोख आहे तुमची," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हजेरीपट ओढला. "पटावर एकतीस. बसलेत तीस."

"एक आजारी आहे," बाई म्हणाल्या.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, पण शिफारशीच्या कागदावर सही केली नाही.

"मी आज लवकर आले. मागच्या पायऱ्यांवर एक मुलगी हेच पुस्तक घेऊन बसली होती. अडखळत बोलते, पण अख्खी गोष्ट सांगितली तिने मला. मी म्हटलं, समस्या काय गं? पंख मोडला, हो ना? तर म्हणते, नाही. मोडका पंख घेऊन ती चालतच होती की. थव्याला तिची लाज वाटली, ती समस्या."

मॅडमनी टोपण टेबलावर ठेवलं.

"वीस वर्षांत असं उत्तर ऐकलं नाही मी. वर्ग विचारला, तर म्हणाली, मी इथली नाही." मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "तपासणीच्या दिवशी मुलं लपवणाऱ्या शाळा मला नव्या नाहीत, बाई. त्यांची शिफारस मी करत नाही. खरं सांगा. तुमची आहे का ती?"

तीसच्या तीस मुलं बाईंकडे बघायला लागली. पुढच्या बाकावरच्या मुलीने तोंडावर हात ठेवला. मोठ्या सरांना एकाएकी छतावरची कोळिष्टकं दिसू लागली.

बाईंच्या जिभेवर 'हो' येऊन बसलं होतं. इतका सोपा प्रश्न त्यांना जन्मात कुणी विचारला नव्हता.

"नाही," बाई म्हणाल्या. "माझी नाही."

मॅडमनी सही केली.

शाळा सुटल्यावर बाई मागच्या पायऱ्यांकडे गेल्या. त्यांना पाहून मुलगी उठून उभी राहिली.

"स-सांगितलं तसंच बोलले मी, बाई."

"हो."

"तुम्ही का-कायम झालात?"

"झाले." बाईंना तिच्याकडे बघवेना. "चल घरी."

रोजच्यासारख्या बाई पुढे आणि ती चार पावलं मागे, अशा दोघी निघाल्या. फाटक मागे पडलं. शेवटची पोरं वळणाआड गेली. तशी ती धावत बरोबरीला आली, इकडेतिकडे कुणी नाही ना पाहिलं, आणि हळूच म्हणाली,

"आता आई म्हणू?"