दगडी चर्चमधली दुपार

पाद्री साळव्यांनी तिघांना आत घेतलं आणि चर्चच्या दाराला अडसर लावला. गांधीजींचा खून होऊन दोन दिवस झाले होते. सांगलीत ब्राह्मणांची घरं पेटवली जात होती.

हे दगडी चर्च बघायला लांबून माणसं येत. चिंतामणमास्तर चित्रकलेच्या तासाला मुलांना समोरच्या लिंबाखाली बसवून त्याच्या कमानी काढायला लावत. आत मात्र ते आज पहिल्यांदाच आले होते. बायको विनोदिनी आणि म्हातारे वडील, अण्णा, बाकावर टेकले.

 अण्णांना बोलण्यात गुंतवावं म्हणून साळवे सांगू लागले, "दुष्काळात बांधलंय हे, अण्णा. खेड्यांतनं माणसं आली, धान्याच्या मजुरीवर दगड फोडले. वरची तुळई बघा. अखंड सागवान. बैल जुंपून ओढत आणलं."

अण्णांनी मान वर केली. "मध्ये एकही खांब नाही."

"नाही. सगळा भार भिंतींवर."

चिंतामणमास्तर उठून मनोऱ्यात गेले. घंटा वाजवणारा धुळा झरोक्याशी उभा होता. तो बाजूला सरला. मास्तरांना आपली आळी शोधावी लागली नाही. त्यांच्याच कौलांतून ज्वाळा निघत होत्या, पार परसातल्या गोठ्यापर्यंत.

"खाली चला, मास्तर," धुळा म्हणाला. "बघून काय व्हनार हाय?"

ते खाली आले. विनोदिनीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"गेलं ना? जाऊ दे," ती म्हणाली. "कपिलेला सोडलंत ना तुम्ही?"

मास्तर अण्णांना पाठीवर घेऊन पुढच्या दारानं पळाले होते. विनोदिनी देव गोळा करायला मागं राहिली होती. परसातून निघताना तीच गाय सोडून आली असेल, असं ते धरून चालले होते.

ते झपाट्यानं दाराकडे निघाले. साळवे अडसराला पाठ लावून उभे राहिले. 

"अहो?" विनोदिनीनं मागून विचारलं.

मास्तर वळले नाहीत. "सोडली," ते म्हणाले.

"मग येईल ती आपला माग काढत," विनोदिनी म्हणाली, आणि उठून दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली.