एक पॉइंट सहा

माझ्या नातीला, सुकन्याला, बघायला लातूरचे पाहुणे आले. पोहे संपताच नवऱ्या मुलाने तिच्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरला. आमच्या वेळी चालून दाखवायला लावायचे, सुईत दोरा ओवायला लावायचे. आता नाकडोळ्यांची मापं घेतात, एवढीच काय ती प्रगती.

"आजी, याला सुवर्ण गुणोत्तर म्हणतात," तो मला शिकवू लागला. "सुंदर चेहऱ्याचं एक पॉइंट सहा येतं. हिचं एक पॉइंट चारच आहे."

सुकन्याची मान खाली गेली. मुलाची आई राजकन्या, आमच्या उमरी गावचीच लेक, हळहळत म्हणाली, "काकू, पोरगी गुणाची हाय, पण मापात बसंना. आमचं पोरगं पडलं इंजिनिअर!"

मी तिच्या हातातली बशी काढून घेतली.



"राजकन्ये, तुला बघायला आले तवा तुझे पुढं आलेले दात दिसू नयेत म्हणून मीच तुझ्या तोंडात खडीसाखर कोंबली होती, अन् ते म्हणाले, पोरगी लई शांत हाय. त्या दिवशी त्यांच्याकडं हा मोबाइल असता, तर आज माप घ्यायला हे पोरगं कुठून आलं असतं?"