ढग सोडायला गेलेला कारकून

ढग सकाळी सव्वाअकराला रेकॉर्ड रूमच्या खिडकीतून आत आला आणि शेवटच्या कपाटावर जाऊन बसला. एका माणसाच्या गादीएवढा असेल. आधी सगळ्यांना धूर वाटला. मग खालच्या फायलींवर थेंब पडायला लागले आणि साहेबांना बोलावणं गेलं.

साहेबांनी मान वर करून पाहिलं. "पंखा लावा," ते म्हणाले. "पूर्ण वेगात. पाच मिनिटांत विरून जाईल."

पंख्याचं बटण कारकुनाच्या टेबलामागे होतं. बाहेर जाणाऱ्या पत्रांची नोंद हा कारकून ठेवायचा, म्हणून ऑफिसात त्याला सगळे 'जावक' म्हणत. बावीस वर्षांत जावक स्वतः मात्र कुठे गेला नव्हता. साहेबांनी सांगितलं तसा तो उठला, बटणावर बोट ठेवलं, आणि दाबण्याआधी सहज वर पाहिलं. ढग कोपऱ्यात सरकला होता. भिंतीला चिकटून थरथरत होता.

"साहेब, मी याला बाहेर सोडून येतो."

साहेबांनी चष्मा काढला. "अर्ध्या दिवसाची रजा पडेल, जावक."

"पडू द्या."

टायपिस्ट बाईंची बोटं जागच्या जागी थांबली. जावकला स्वतःलाही तो आवाज ओळखीचा वाटला नाही.

स्टुलावर चढून त्याने फायली बांधायची फीत ढगाच्या पोटावरून फिरवली आणि सैलसर गाठ मारली. ढग निमूटपणे मागे आला. जिन्याच्या वळणावर तेवढा अडकला. "दमाने घे," जावक म्हणाला. "कोणी मागे लागलेलं नाही." दोघं तिथेच थोडं थांबले. मग ढगाने अंग आवळलं आणि वळणातून सुटला.

गच्चीवर पाण्याची टाकी होती आणि मोडक्या खुर्च्यांचा ढीग. जावक गाठ सोडायला लागला, पण भिजून ती घट्ट बसली होती. तेवढ्यात वारा आला आणि त्याचे पाय जमिनीवरून उचलले गेले.

साहेब मागोमाग वर आलेच होते. "फीत सोडा," ते दारातून ओरडले. "अहो, सोडा ती."

जावकने खाली पाहिलं. जेमतेम वीतभर उंची होती. सोडली असती तर पायातली चप्पलसुद्धा निसटली नसती. त्याने फीत मनगटाला आणखी एक वेढा घालून घेतली.

मग टाकी खाली गेली, साहेब खाली गेले, सगळी इमारत काडेपेटीएवढी झाली. जावकने डोळे गच्च मिटून घेतले होते. उघडले तेव्हा तो ढगावर पालथा पडलेला होता आणि ढग त्याच्या वजनाने जरासा चेपला होता, एवढंच. तो हळूच उठून बसला. डावीकडे झुकलं की ढग डावीकडे जात होता. उजवीकडे झुकलं की उजवीकडे, पुढे झुकलं की खाली.

खाली एका शाळेच्या मैदानावर कवायत चालली होती. रांगेतल्या एका मुलीने वर बोट दाखवलं. "ससा," ती म्हणाली.

"एकाच कानाचा कुठे ससा असतो?" तिच्या मागची म्हणाली.

जावकने ऐकलं. त्याने ढगात हात घातला. सैल मळलेल्या कणकेसारखा होता तो. ओढून ओढून त्याने दुसरा कान काढला, तसा मैदानावर एकच गलका उठला. कवायत मोडली. बाईंनी शिट्टी तोंडातून काढली आणि त्याही वर बघत राहिल्या. मग जावकने हत्ती केला. तीन शिडांचं जहाज केलं आणि ते रानबदकांच्या थव्यातून सरळ घुसवलं. बदकं ओरडत बाजूला झाली आणि वळून त्याच्याच मागे लागली. मग त्याने सहा पायांचा, शेपटीवर डोळा असलेला कुणीतरी केला. त्याला नावच नव्हतं. जावक मोठमोठ्याने गात होता. हे त्याच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावरही तो गातच राहिला.

घराच्या गच्चीवर बायको चादरी वाळत घालत होती.

"अगं, वर बघ."

तिने वर बघितलं. दातांत धरलेला चिमटा काढून हातात घेतला. "अहो, पडाल."

"नाही पडत. हे काय केलंय ते ओळख."

तिने डोळे बारीक केले. सुटलेलं पोट, लांब मान, पुढे आलेलं नाक. "उंट?"

"तुझा दादा."

तिने हातातला चिमटा दोरीला अडकवला. आपण जरा जास्तच बोललो, असं जावकला वाटलं. पण मग ती हसायला लागली. हसता हसता तिला कठडा धरावा लागला, डोळ्यांतून पाणी आलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. ती इतकी हसू शकते, हे जावकला आज कळत होतं.

"आणि ऑफिस?" तिने डोळे पुसत विचारलं.

"अर्धी रजा टाकलीय."

"अर्धीच?"

तिने बादली पायाने बाजूला सारली, ओले हात पुसले आणि कठड्यावर चढली. "हात द्या," ती म्हणाली. "आणि जरा सरकून बसा."

घरांची छपरं खाली जाईपर्यंत ती त्याची बाही घट्ट धरून बसली होती. मग तिने ढगाचं ते पुढे आलेलं टोक निरखून पाहिलं आणि बाही सोडली.

"दादाचं नाक याहून मोठं आहे," ती म्हणाली, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत ढगात घातले.