फळ्यावरचं मत

“लिही,” जयमालाबाई म्हणाल्या. “या लेखकाले माणूस मारता येत नाही.”

वाचनालयाच्या ओसरीवर शेखर खडू घेऊन उभाच होता. ग्रंथपाल तोच, शिपाईही तोच. गावात नवी कादंबरी आली की आधी ती जयमालाबाईंच्या घरी जायची, आणि परत आली की त्यांचं मत दारातल्या फळ्यावर त्यांच्या नावानिशी लागायचं. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले, तरी हा मान काही गेला नव्हता. आता सून वाचून दाखवायची, एवढाच फरक. ती, प्रतीक्षा, पुस्तकाची पिशवी छातीशी धरून पायरीखाली उभी होती.

“काकू, एवढं कडक?” शेखर म्हणाला. “सातवी आवृत्ती आहे याची. पोरं रडून राह्यले वाचून.”

“काऊन रडतात? रडाले झालंच काय त्याच्यात?” जयमालाबाईंचा पारा चढला. “अन् ही एकच नाही. वर्षभरात आठ झाल्या, सगळ्या गाजलेल्या. एकीत पोरगा विहिरीत पडते, अन् पुढच्या पानावर त्याची माय पापड लाटते. पोराचं काय झालं, ना तिले पत्ता, ना लेखकाले! दुसरीत म्हाताऱ्याले दवाखान्यात नेलं. नेलं ते नेलंच. तिसरीत बाई नवऱ्याचं ताट झाकून ठेवते, अन् पुस्तक संपलं तरी ते ताट कोणी उघडत नाही. अरे, नवरा गेला कुठं? मरणाजवळ आलं का यायचा हात थरथरते. भेकड हायेत लेकाचे. लिही बे, भेकडच लिही.”

शेखरनं लिहिलं. खडूचा आवाज थांबला तसे आतून भगवंतराव गुरुजी बाहेर आले. निवृत्त मुख्याध्यापक, गावातले दुसरे वाचणारे. गेली तीस वर्षं दोघांचं एकाही पुस्तकावर एकमत झालेलं नव्हतं. त्यांनी फळा मोठ्यानं वाचला आणि पोट धरून हसले.

“वहिनी, पुस्तक वाचलं का नुसतं हुंगलं? त्याच्यातला नायक, सदा, मरते ना! चांगली सहा पानं मरते.”

“सदा सुरतेले गेला,” जयमालाबाई म्हणाल्या. “कामाले. मंग आलाच नाही.”

“सुरतेले? ट्रकखाली गेला तो. दोनशे चौदावं पान. म्या दोनदा वाचलं.”

जयमालाबाई मनात एकेक पुस्तक पुन्हा उलटू लागल्या. ती विहीर आठवली. तो दवाखाना, ते झाकलेलं ताट. आठही पुस्तकांत नेमकं तिथंच आलं की प्रतीक्षा उठायची. ‘जरा पाणी पिऊन येते, आई.’ आणि परत येऊन पुढचं वाचायला लागायची.

“प्रतीक्षा.”

पायरीखाली पिशवी खसखसली.

“काढ पुस्तक. दोनशे चौदा.”

“घरी वाचू ना, आई.”

“इथंच वाच. फळा इथं हाय माह्या नावाचा.” जयमालाबाईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. “डोळे गेले म्हणून लेकरू झाली काय मी? मऊ भात कालवून चारून राह्यली मले? तुह्या भरवशावर मी आठ जणाले चारचौघात भेकड म्हटलं! माह्या पोराची बातमी आली तवा कोणी एक ओळ तरी गाळली होती काय माह्यासाठी? हर्षल गेला तो सगळाच्या सगळा ऐकला मी. मंग या कागदावरच्या माणसाचं मले काय भेव?”

भगवंतरावांचं हसू जागच्या जागी आटलं. “राहू द्या, वहिनी. माहीच चूक झाली.”

“तुम्ही गप बसा, गुरुजी.”

पानं उलटल्याचा आवाज आला. प्रतीक्षा वाचू लागली, शाळेतल्या मुलीसारखी, सरळ एका सुरात. सदा सकाळी मोटारसायकलवर निघतो. हँडलला डबा. बायको दारातून ओरडते, येताना कोथिंबीर आणा. तो मागं न बघता हात हलवतो. “‘वळणावर समोरून ट्रक आला, आणि सदा...’”

आवाज थांबला. चिखलीकडे जाणारा एक ट्रॅक्टर रस्त्यावरून धडधडत गेला.

“पाणी नाही प्यायचं,” जयमालाबाई म्हणाल्या. “वाच.”

“तुमच्यासाठी नव्हतं गाळलं, आई,” प्रतीक्षा म्हणाली. “मलेच वाचता येत नाही ते.”

जयमालाबाईंचा राग काही उतरला नाही. तो कोणावर काढावा, एवढंच त्यांना कळेना. त्या चाचपडत एक पायरी उतरल्या, सुनेचा हात शोधला, हातातलं पुस्तक शोधलं आणि उघड्या पानावर बोट टेकवलं. कुठल्या ओळीवर टेकलं ते त्यांना दिसणार नव्हतं.

“सदा मेला. एवढंच असन ना इथं? म्हण.”

हर्षल, प्रतीक्षाचा नवरा, गेल्यापासून चौदा महिने तो शब्द त्यांच्या घरात कोणी काढला नव्हता.

“मेला,” प्रतीक्षा म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नाही. मग तिनं तो पुन्हा म्हटला, मोठ्यानं, आणि पुढची ओळ वाचली. मग त्याच्या पुढची. सहाही पानं वाचली. भगवंतराव चष्मा काढून उन्हात उभे होते.

पुस्तक मिटल्याचं ऐकल्यावर जयमालाबाईंनी मान वर केली.

“शेखर, पूस तो फळा.”

“मग काय लिहू, काकू?”

“काही लिहू नको. आधीची सात काढ कपाटातून.”

प्रतीक्षानं पदरानं तोंड पुसलं आणि पिशवी उघडून धरली.