चुन्याचं बोट

टेम्पोतून सोफा उतरवताना ज्ञानू स्वतः पुढे झाला. वरवंडच्या या घरात त्याची प्रांजल नुकतीच सून म्हणून आली होती आणि हा तिच्या आंदणाचा सोफा. दुकानात असतो तसा वर प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला होता. तो कागद ज्ञानूनेच गुंडाळला होता.

"जपून रं, नवा हाय," तो टेम्पोवाल्याला म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं, तरी पुन्हा म्हणाला.

हॉल मोठा, फरशी चकचकीत, आणि सगळा रिकामा. सोयरीक ठरताना विहीणबाई शेवंताबाई म्हणाल्या होत्या, "आमचं काय बी मागणं न्हाई. हॉल तेवढा मोकळा केलाय." एवढं बोलणं कुठल्याही मुलीच्या बापाला कळतं. नवा सोफा काही ज्ञानूच्या आवाक्यात नव्हता. दौंडला जुन्या सामानाच्या दुकानात त्याला हा सागवानी सोफा मिळाला. "वरवंडकडचा माल हाय, चांगल्या घरातला," दुकानदार म्हणाला होता. कुणाच्या घरातला, ते ज्ञानूने विचारलं नाही. घरी ओट्यावर बसून त्याने लाकूड घासलं, पॉलिशचे हात दिले, गादीवाल्याकडून नवा फोम आणि निळं कापड चढवून घेतलं. सोफा असा उजळला की खुद्द त्यालाच तो नवा वाटायला लागला. लेकीलाही त्याने नवा म्हणूनच सांगितलं, आणि लेकीने सासरी सगळ्यांना.

कागद निघाला. शेजारच्या बायका गोळा झाल्या. "काय पॉलिश हाय, बया!" एक म्हणाली. प्रांजलने बापाकडे बघितलं. तिची मान चांगलीच ताठ झाली होती. शेवंताबाईंनी सोफ्याला हळदीकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "पहिला मान आबांचा."

आबा म्हणजे शेवंताबाईंचे म्हातारे सासरे. त्यांना धड दिसत नव्हतं. जावई सत्यजीत त्यांना हाताला धरून घेऊन आला. आबा टेकले, सवयीने चंची सोडली, पान लावलं, आणि बोटाला उरलेला चुना पुसायला त्यांचा हात आपसूक सोफ्याच्या हात टेकायच्या फळीखाली गेला. तिथेच थांबला.

ज्ञानू एक पाऊल पुढे सरकला. त्या फळीखाली पांढरं पुट होतं. कितीही घासलं तरी ते पुरतं निघेना आणि पॉलिश तिथे धरेना. खालून कोण बघतंय, म्हणून त्याने नाद सोडला होता.

आबांचं बोट त्या पुटावरून फिरलं आणि त्यांचं सगळं तोंड हसलं.

"आरं, आपला सोफा माघारी आणला व्हय? लई बरं केलंत."

"आबा, नवा हाय त्यो," सत्यजीत म्हणाला. "प्रांजलच्या घरनं आलाय."

"नवा? मंग ह्यो चुना कुनी पुसला? माझीच खोड न्हवं का ती?"

सत्यजीत हसत हसत वाकला, फळीखाली बघितलं, आणि सरळ झाला तेव्हा हसत नव्हता. त्याने आईकडे पाहिलं. बायका आधी सोफ्याकडे, मग ज्ञानूकडे बघायला लागल्या. प्रांजलने मान खाली घातली. धरणीने पोटात घ्यावं, असं ज्ञानूला झालं. खोटं त्याने बोलावं आणि मान लेकीची खाली जावी, ही लाज त्याला सोसवेना.

"इहीणबाई," तो कसाबसा म्हणाला, "माझंच चुकलं. म्या नवा म्हनून..."

शेवंताबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या पार शरमल्या होत्या.

"पर मला कळंना," आबा पान चघळत म्हणाले, "आपन ह्यो इकला कशापायी व्हता?"

"हॉल मोकळा कराया, आबा." शेवंताबाईंचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"आन् हॉल मोकळा कशापायी?"

टेम्पोवाला दारातूनच मागे फिरला. आबांनी जरा वाट पाहिली, मग शेजारची निळी गादी थोपटली.

"पावणं कुठं हायेत? बसा की. लाजू नगा, घरचाच हाय."

ज्ञानू बसला नाही. शेवंताबाईही उभ्याच होत्या, कुंकवाचं बोट पदराच्या आतल्या बाजूला पुसत.