रातूंचा हात

आमचे सरदार रातू रावुलो गोऱ्यांच्या जहाजावरून परतले. रीतीप्रमाणे त्यांचा हात हुंगायला आम्ही बेटावरचे सगळे दोनशे जण किनाऱ्यावर गेलो, तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"शिवू नका मला. जहाजावर माणसं तापाने मरतायत."

"तापाने कधी कोण मरतं का?" मागून कुणीतरी कुजबुजलं. "बेट विकून आलाय हा. नाहीतर हात कशाला लपवेल?"



त्यांची म्हातारी आत्या पुढे झाली. "माझ्यापासून लपवतोस? शेंबूड पुसलाय तुझा मी!" तिने हात ओढून घेतला आणि हुंगला. मग आम्ही सगळ्यांनी हुंगला, तान्ह्या पोरांच्याही नाकाला लावला. हात कढत होता, पण आमच्या जिवात जीव आला.

रातूंनी बेट विकलं नव्हतं. ते अजून आमचंच आहे, आम्हा सात जणांचं.